आमच्या नमनातला हातोडेवाला देव

एकदा तोंडाला रंग लावला की किस्से आपोआप जमतात. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत तर नमनाच्या खेळाच्या तालमी कमी आणि फजित्या जास्त! मी मंडळाचा मृदंगवाला, सगळं बसल्या जागेवरून दिसतं. गेल्या शिमग्याचंच बघा.

*

मुंबईची पोरं म्हणाली, "तात्या, वगात सुपरहिरो आणा. पब्लिक तेच बघतं!"

तात्या आमचे मंडळप्रमुख. त्यांनी मोबाईलवर एक अख्खा पिक्चर पाहिला. चष्मा काढून म्हणाले, "उडतो, डोंगर उचलतो. शेपूट तेवढी नाय. ह्यात नवीन काय रं?"

*

मी लायब्ररीत जाऊन वाचून आलो. हे पिक्चर कॉमिक्समधून आले, आणि त्यांतला हातोडेवाला तर कॉमिक्सच्याही आधीचा. नॉर्वेकडच्या पुराणांतला गडगडाटाचा देव! इस्माईलचाचांचा जन्म जहाजावर गेला, त्यांनी नॉर्वे पाहिलेला. त्यांना विचारलं, देवाला हातोडा कशाला?

"अरे, तिकडची थंडी बघ! आंघोळीला बर्फ नको फोडायला?"

*

त्याच पुराणात एक झकास गोष्ट सापडली. राक्षस देवाचा हातोडा पळवतो आणि बदल्यात देवी बायको म्हणून मागतो. मग हा दाढीवाला देवच नवरी बनून जातो आणि राक्षसाला लोळवतो.

तात्या उडालेच! "अरे, हा तर आपला भीम! कीचकाला असाच बडवला की!"

वग ठरला.

*

नवरी कोण? बाळूभाऊ! उभी हयात ते गौळणीत नाचले, पोट सुटलं म्हणून बाजूला बसवलेले. आता पोटवालीच नवरी हवी होती. माणूस खूश झाला, पण एक सल होता. वहिनींनी त्यांचं काम कधीच पाहिलं नव्हतं.

"सगळ्या वाडीनं टाळ्या दिल्या रं, घरचीनं एक नाय. हे शेवटचं काम. एकदा आली असती तर..."

मी वहिनींकडे शब्द टाकून पाहिला. "स्वतःच्या घोवाला लुगड्यात बघायला येऊ? मी नाय गो बाय!"

*

परका देव आणायचा तर ग्रामदेवीला विचारायला हवं. गुरवानं कौल लावला. होकाराचं उजवं फूल काही केल्या पडेना! शेवटी तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "आई, पाव्हणा आहे. एका रातीचा. कोंबडं मागणार नाय!"

फूल टपकन पडलं.

*

पुराणात ती नवरी लग्नाच्या पंगतीत आख्खा बैल खाते. आम्ही बांगड्यांवर भागवलं. रंगीत तालमीला चाचांनी खरेखुरे बांगडे तळून आणले. राक्षसानं संशयानं विचारलं, "नवरी एवढं का खाते?" करवल्यानं सांगायचं होतं, लग्नाच्या आनंदात आठ दिवस उपाशी आहे म्हणून.

त्याच्या आधी घुंगटातून बाळूभाऊच म्हणाले, "ताजे हायत रं!"

*

प्रयोगाला पटांगण भरलं. नवरी आली, राक्षस हातोडा घेऊन पुढे झाला. आता बडवाबडवी सुरू होणार, तेवढ्यात बायकांतून कुणीतरी उठलं. वहिनी! हातात सूप, सुपात नारळ नि तांदूळ. तरातरा स्टेजवर चढल्या. राक्षस बिचारा बाजूला सरकला. माझा मृदंग थांबला.

"नवरीला ओटीशिवाय धाडतात होय? पसरा पदर."

बाळूभाऊंनी पदर पसरला. वहिनींनी कुंकू लावलं, ओटी भरली, आणि मग नवरीला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. माईक समोरच होता.

"अहो, शालू माझ्या लग्नातला हाय. मारामारी जरा जपून करा!"