मोरीबाईंचं खोर

नोव्हेंबर १९९६, शुक्रवार, पहाट. आखातातला देऱ्याचा मासळी बाजार. हजर: मी, माझा धाकटा भाऊ सुभाष, आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर हनीफ, लिलाव पुकारणारा एक घसा बसलेला माणूस, आणि कोपरापर्यंत मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, पोटात हात घातलेली एक बाई.

बाईंच्या पायात गमबूट होते. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, चष्म्याच्या काचेवर रक्ताचा शिंतोडा. मुशी माणसाएवढी होती. बाईंनी तिचं पोट एका रेघेत फाडलं, नाळेला लोंबणारी पिल्लं एकेक करून बाहेर काढली, ओल्या फरशीवर ओळीने मांडली आणि टेप लावला. हमाल खेकसला, "यल्ला डॉक्टर, जल्दी करो! माल उठाना है." बाई मान वर न करता म्हणाल्या, "थांब रे मेल्या, बाळंतपण चाललंय." मराठी ऐकून सुभाषने मला कोपराने ढोसलं. आमची ओळख झाली ती अशी.

त्यांचं नाव वासंती. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, शिकलेल्या मुंबईत, आणि इथे एका संशोधन केंद्रात मुशींचा अभ्यास करायला आलेल्या. आपल्याकडे लहान मुशीला मोरी म्हणतात, म्हणून हनीफने त्यांना मोरीबाई म्हणायला सुरुवात केली. हनीफ रत्नागिरीकडचा, दर्यावर्दी घरातला. त्याने ठेवलेलं नाव बाजारभर झालं. शारजाला आमचा केटरिंगचा धंदा होता, सोनापूरच्या कामगार कॅम्पांत डबे जायचे, त्यामुळे मासळीला पहाटे मी स्वतः जायचे. काही दिवसांतच माझ्या खरेदीच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ कायमची आली: 'मोरीबाईंना चहा.' थर्मास मी न्यायचे आणि त्या रक्ताचे हात पाठीमागे धरून चहा प्यायच्या. कप मला त्यांच्या तोंडाशी धरावा लागायचा.

बाजाराच्या मागच्या बाजूला पंखांचा व्यापार चाले. ट्रकमधून मुशी उतरायच्या, कोयते खालीवर व्हायचे आणि पंख गोण्यांत भरून सुपासाठी परदेशी जायचे. धड कवडीमोलाचं. समुद्रात तर धड होडीवर ठेवायचेही कष्ट नकोत म्हणून पंख कापून जिवंत मुशी पाण्यात ढकलून देत. मोरीबाई या कोयतेवाल्यांच्या मधे जाऊन बसायच्या. दात मोजायच्या, मणका काढून पिशवीत टाकायच्या. मणक्यावर झाडासारखी वर्तुळं असतात, त्यावरून वय कळतं. एकदा कोयता त्यांच्या बोटांजवळ खाडकन रुतला. मुद्दामच. बाईंनी तो उपटला, त्या माणसाच्या पायाजवळ तसाच रुतवला आणि हिंदीत सांगितलं, "भाई, तेरा निशाना खराब है. मेरा नहीं." त्यानंतर त्यांना बसायला एक उपडी पाटी मिळू लागली.

'आधी मोज, मग रड' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते पाठ झालं ते एका संध्याकाळी. आम्ही किनाऱ्यावर फिरत होतो आणि लाटांनी एक मुशी वाळूवर आणून टाकली. चारही पंख कापलेले. ओंडक्यासारखी लोळत होती, कल्ले उघडत मिटत होते. मी तोंड फिरवलं. "नलू, टेपचं टोक धर," मोरीबाई म्हणाल्या. मी धरलं. लांबी घेतली, मादी असल्याची खात्री केली, जखमांवरून बोट फिरवून त्या किती जुन्या हे पाहिलं. मग त्यांनी डोक्यामागे चाकू घातला आणि सगळा भार टाकून आत ढकलला. मुशी एकदा थरथरली आणि सुटली. त्यानंतर बाई तिथेच वाळूत बसल्या आणि मोठ्याने रडल्या, कुणाची पर्वा न करता. पाच मिनिटांत उठून म्हणाल्या, "चल, भूक लागली."

मुलांना त्या फार आवडायच्या. आमच्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात त्यांना 'सागरी जीवन' या विषयावर बोलायला बोलावलं होतं. लोकांना वाटलं, प्रवाळ आणि रंगीत मासे दाखवतील. बाईंनी सांगितलं की मुशीची एक जात अशी आहे, जिच्या पोटातलं थोरलं पिल्लू आईच्या पोटातच धाकट्या भावंडांना खाऊन टाकतं आणि मग जन्माला येतं. आया एकमेकींकडे बघू लागल्या. पुढच्या रांगेतून एक मुलगी किंचाळली, "सो कूल, आंटी!" अध्यक्ष आभार मानायला घाईने उठले. मोरीबाई त्यांना खाली बसवून म्हणाल्या, "थांबा हो. तेवढी मारामारी करून जगलेलं ते पिल्लू आपण सुपात घालतो, ते राहिलं सांगायचं."

त्यांचा जीव मात्र एका खोरात होता. खोर म्हणजे आपली खाडीच. उम्म अल कुवैनच्या पुढे, तिवरांमधलं, कमरेएवढ्या पाण्याचं. वसंतात काळ्या टोकाच्या पंखांच्या मुशी तिथे येऊन पिल्लं घालत. पिल्लं मोठी होईपर्यंत उथळ पाण्यात राहत, कारण मोठे मासे तिथे शिरत नाहीत. शुक्रवारी हनीफ एक होडी मागून आणायचा, मी डबा द्यायचे. मोरीबाई पिल्लू हातजाळ्यात धरायच्या, पाठीच्या मांसात नंबराची पिवळी दोरी रुतवायच्या आणि सोडताना शिवी द्यायच्या, "जा सटवे. मोठी हो."

"माझं म्हणणं एवढंच," त्या सांगत, "की इथे जन्मलेली मादी मोठी झाली की बाळंतपणाला इथेच येते. लेक माहेरी येते तशी. पण मुशीला वयात यायलाच वर्षं लागतात, आणि पोरं मोजकी. बांगड्यासारखं लाखाने होत नाही. हे एक माहेर बुडालं तर ती पुन्हा कुठे जाईल?" खोरात दर मोसमात पिल्लं असतात हे लागोपाठ तीन मोसम दाखवलं, तर त्या महिन्यांत तिथे जाळी बंद करायला अधिकारी तयार होते. दोन मोसम झाले होते. तिसरा, १९९९ चा, सुरू झाला होता.

त्याच वसंतात सुभाषची बायको नीता बाळंत झाली. माहेरी देवगडला जाणं जमलं नाही, म्हणून शारजात अल मजाजच्या माझ्या घरी तिचं बाळंतपण मीच केलं. दूध कमी पडत होतं. बाळ रडून निळं व्हायचं, नीता त्याच्याबरोबर रडायची. देवगडहून तिच्या आईचा फोन आला, "बाळंतिणीक मोरी घाला. बारकी, कोवळी. दूध उतरतला." आमच्याकडे ही रीतच आहे. पण बाजारात मिळत होत्या त्या मोठ्या, अमोनियाच्या वासाच्या मुशी. सुभाष दोन दिवस देरा, शारजा, अजमान फिरला. तिसऱ्या दिवशी हसत आला, हातात पिशवी.

त्या दुपारी मोरीबाई बाळाला बघायला आल्या होत्या. बाळ मांडीवर, चष्मा त्याच्या मुठीत. नीता समोर बसून कालवण-भात खात होती. दोन घास झाले आणि तिने तोंडातून काहीतरी काढलं. "ताई, हे काय? प्लास्टिक?"

ते दोरीचं पिवळं टोक होतं.

मोरीबाईंनी बाळ माझ्याकडे दिलं. दोरी ओढणीला पुसली आणि नंबर वाचला. "ही गेल्या वर्षीची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुठून आणलीस, सुभाष?"

सुभाषला अभिमानच वाटत होता. "खास मागवली बाई. तुमच्याच खोरातली! पंखवाल्याच्या पोरांना मीच जागा सांगितली. तुम्ही सांगत नव्हता का, नुसती वळवळतात म्हणून? अजून आणतील ते, जाळं लावून ठेवलंय."

थप्पड इतक्या जोरात बसली की सुभाष दारावर आदळला. बाळ किंचाळलं. नीता ताट घेऊन उभी राहिली. "बाई, माझ्या बाळासाठी हो," ती म्हणाली. मोरीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. "तू खा. मेलीय ती, वाया नको जायला." मग सुभाषची कॉलर धरली. "तू चल. तुझ्या हातांनी काढायचं ते."

बाळ नीताकडे देऊन मीही निघाले. व्हॅन हनीफने चालवली. खोराच्या तोंडावर जाळं या काठापासून त्या काठापर्यंत ताणलं होतं. ओहोटी होती. जाळ्यात पिल्लं कल्ल्यांना अडकून लटकत होती. मुशीला पोहता आलं नाही की श्वास घेता येत नाही. तीन माणसं होती. एक जाळ्यातून पिल्लं उपटत होता, दुसरा त्यांची डोकी लोखंडी सळईने फोडत होता, काठावर ढीग झाला होता. आणि मधोमध एक मोठी मादी गुंडाळली गेली होती. ती अंग आपटत होती आणि त्या धडपडीत तिची पिल्लं गळत होती, अपुऱ्या दिवसांची.

मोरीबाई बुटांसकट पाण्यात शिरल्या आणि चाकूने जाळं उभं फाडत सुटल्या. सळईवाला ओरडत मागे आला. पहिला घाव त्यांच्या डाव्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी काठावर ऐकला. दुसरा डोक्यावर बसणार होता, पण मधे सुभाष आला. माझा हा भाऊ आयुष्यात कधी कुणाशी भांडला नव्हता. त्याने त्या माणसाचे केस धरून त्याला पाण्याखाली दाबलं. बाकीच्या दोघांनी सुभाषला बडवलं. दोन दात गेले, पाणी लाल झालं. ते कुणाचं रक्त ते सांगता येत नव्हतं. हनीफने त्यांच्याच होडीतलं वल्हं उगारून दोघांना मागे रेटलं. सळईवाला खोकत वर आला तेव्हा मोरीबाईंचा चाकू त्याच्या गळ्याला टेकला होता. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी हाक मारली, "वासंती!" पहिल्यांदाच नावाने. त्यांनी चाकू हटवला आणि मादीभोवतीचं जाळं कापलं. ती मेलेलीच होती. पण फाटलेल्या भागातून खोरातली जिवंत पिल्लं बाहेर सटकली. किती, ते कुणी पाहिलं नाही.

"खलास, खलास," म्हणत ती माणसं होडी घेऊन पळाली. भरती चढू लागली. एका बाजूचं जाळं आम्ही ओढून काढलं. दुसरी बाजू तोंडाशी, जिथे पाणी खोल आहे, तिथल्या खडकांच्या कपारीत गुंतली होती, ती पाण्याखाली गेली.

त्या मोसमात पिवळ्या दोऱ्या मोजायला खोरात काही उरलं नाही. तिसरा मोसम कोराच राहिला आणि जाळीबंदी झाली नाही. चाकूची गोष्ट केंद्रात कळली, साहेबांनी बाईंचा करार वाढवला नाही. मनगट वाकडंच जुळलं. २००० मध्ये त्या परत गेल्या. विमानतळावर सुभाष मान खाली घालून उभा होता. त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. "दात बरे बसवलेत. पोरगी कशी आहे?" "धावते आता, बाई." "मग झालं तर." मला म्हणाल्या, "नलू, फाटक्या जागेतून गेल्या त्या जगल्या असतील तर पाचेक वर्षांच्या झाल्या की पोटुशा होऊन येतील. जाळं नायलॉनचं आहे, ते कुजत नाही. त्या यायच्या आत ते काढ."

दोन वर्षांनी वेंगुर्ल्याहून त्यांच्या भावाचं पत्र आलं. ताप डोक्यात गेला होता, चार दिवसांत आटोपलं.

आता २००४ चा फेब्रुवारी संपत आलाय. झालेली कामं: ओहोटीला दिसतं तेवढं जाळं सुभाष आणि हनीफने दर वर्षी कापून आणलं. दोन पाणबुड्यांशी बोलणं झालं, प्रवाह बघून दोघेही नाही म्हणाले. पाण्याखालचं जाळं काढायच्या परवान्याचा अर्ज तीनदा दिला. गेल्या शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा पाणी नितळ होतं. कपारीतलं जाळं खाली हलत होतं, त्यात अडकून मेलेल्या एका कासवाची पाठ दिसत होती. खोराच्या बाहेर, खोल पाण्याच्या कडेला, काळ्या टोकाचे दोन पंख येरझाऱ्या घालत होते.

राहिलेलं काम: कपारीतलं जाळं.