समुद्रासमोरची खोली

अंदमानला जायचं ठरलं तेव्हा आमच्यापैकी कोणालाच हॉटेल निवडण्याचा सराव नव्हता. नाशिकच्या माणसाला तो सहसा नसतोच. बारा महिने कोणाचा तरी दशक्रिया विधी असतो, कोणाची त्र्यंबकला शांत असते, आणि कुंभमेळा आला की लांबच्या नात्यातल्या त्याहून लांबच्या माणसांनाही आपला पत्ता पाठ होतो. आम्ही मुक्काम देणारी माणसं. स्वतः कुठे गेलोच तर नातेवाइकांकडे उतरायचो. हॉटेलात राहायचं म्हणजे त्या गावात आपलं कोणी नाही, असं आईचं सरळ मत होतं.

हा सगळा घाट आईसाठीच घातला होता. वडील जाऊन वर्ष उलटलं होतं. मखमलाबादच्या पुढे आमचा फुलांचा मळा, गुलाब आणि शेवंती. मी एकुलती एक, लग्न होऊन शहरात आलेली. वडील गेल्यापासून आईने मळा सोडला नव्हता. पहाटे फुलं तोडायची, जुड्या बांधायच्या, टेम्पोत चढवायच्या, की पुन्हा पाणी द्यायचं. दिवाळीलासुद्धा ती माझ्याकडे थांबली नाही. हसणं तर बंदच झालं होतं. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले निम्मे लोक तेव्हा अंदमानला जाऊन आले होते. तोच म्हणाला, आईंना घेऊन जाऊ, त्यांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. आई चक्क ‘बघू’ म्हणाली. आमच्या आईचा ‘बघू’ म्हणजे होकारच. या वेळी ती घराबाहेर पडली नाही तर पुन्हा कधीच पडायची नाही, अशी मला धास्ती होती. म्हणून मी लगेच तयारीला लागले.

तेव्हा आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून आम्ही हॉटेलांचे फोटो बघायचो. फोटो वरून खाली उघडायचा. आधी आकाश दिसायचं, मग आणखी आकाश, मग माडाचे शेंडे, आणि समुद्र यायच्या आत तास संपायचा. तीन हॉटेलांची आकाशं बघून झाल्यावर मी कंटाळून सीबीएस स्टँडजवळच्या एका ट्रॅव्हल एजंटकडून रंगीत माहितीपत्रकं आणली आणि रविवारी मळ्यात आईसमोर पसरली.

पहिलं ठिकाण अगदी वाळूवर होतं. गवताने शाकारलेल्या झोपड्या, दारात लाटा. भाडं सगळ्यात जास्त.

“झोपडीत राहायला इमानात बसून जायचं?” आई म्हणाली. “आपल्या सालदाराची झोपडी काय वाईट हे? आन पाण्याच्या इतकं काठाला कोण राहतं गं? पूर आला म्हंजे?”

“आई, समुद्राला पूर येत नाही.”

“गंगेला येतो तर त्याला का नाय येणार? गंगेचंच पाणी जातं ना तिथं?”

गंगा म्हणजे आमची गोदावरी. दर पावसाळ्यात पुलावर उभं राहून पाणी कुठवर चढलं ते बघणाऱ्या गावात पाण्यालगतच्या खोलीला जास्त पैसे का पडतात हे समजावणं कठीण होतं. मला तरी कुठे ते नीट कळलं होतं?

दुसरं हॉटेल टेकडीवर, समुद्र खाली. ते दाखवलं तर तिचे गुडघे आडवे आले. तिसरं गावात, बंदराजवळ, पायऱ्या नाहीत, पुराची भीती नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

“मग समुद्र बघायला काय रिक्षानं जायचं?”

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने छताकडे बघितलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे नकटी स्वतःच विघ्नं आणत होती.

पुढच्या रविवारी नवीन माहितीपत्रकं. या वेळी वाळूपासून थोडं मागे, बागेतलं हॉटेल. आईची खोली समुद्रासमोर, आमची तिला लागून, बागेच्या बाजूला. म्हातारीला जरा निवांतपणा मिळावा म्हणून मी मुद्दाम तिच्यासाठी स्वतंत्र खोली सांगितली होती. त्याचा मला भारी अभिमान वाटत होता. जन्मभर माणसांच्या आणि फुलांच्या राबत्यात राहिलेली बाई, चार दिवस दार लावून मस्त लोळेल.

आईने चित्र हातात धरून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “मधली भित किती जाड हे?”

भिंतीचं काय करायचंय हे मला कळेना. “चांगली जाड असेल की.”

“शेजारच्या खोलीतलं बोलणं आयकू येतं का?”

“अजिबात नाही,” मी छातीठोकपणे सांगितलं. “कोणी कितीही आवाज करू दे, तुला काही ऐकू यायचं नाही.”

आईने चित्राची घडी घालून ते माझ्याकडे परत दिलं आणि चहा ठेवायला उठली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, ते बागवालं नको. का, तर काही नाही, नको. मग ती म्हणाली, झोपड्यांचं बघ पुन्हा, झोपडीची भिंत पातळ असती. मग दुसऱ्या दिवशी, झोपड्या नको, त्या लांब लांब दिसत्यात. मग, खाली-वर खोल्या नसतात का कुठं, वरच्यांच्या पावलांचा आवाज येतो तशा?

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आवाज हवा की नको? समुद्र जवळ हवा की लांब? आई ताकास तूर लागू देईना. एजंट आता माझा आवाज ऐकला की फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा. नवऱ्याचं म्हणणं, त्यांना यायचंच नसेल, तोंडावर सांगवत नसेल. ते ऐकून मला रडूच आलं. कारण मलाही तीच भीती होती.

तिसऱ्या रविवारी एकही कागद न घेता मी मळ्यात गेले. नवरा विहिरीवर मोटार बघायला गेला. आई पडवीत गुलाबाच्या जुड्या बांधत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि भांडलेच. “तुला यायचं नसेल तर सरळ सांग. पण हे रोज एक नवीन काढू नकोस. जगात एवढी हॉटेलं, आणि तुला एक पसंत पडत नाही?”

आईने आधी विहिरीकडे बघितलं. मोटार सुरू झाली होती, इकडचं तिकडे ऐकू जाणार नव्हतं.

“हाटील सगळी चांगलीच हेत,” ती म्हणाली. “घरात रोज एकटीच झोपते. एवढ्या लांब जाऊनबी एकटीच झोपू?”

तिने पुढची जुडी उचलली.

“तुझ्या बापाच्या घोरण्यानं झोप येत नाय म्हणून जलमभर भांडले मी. आता त्याच्याबिगर येत नाय. म्हटलं, तुमचा आवाज तरी आयकू यावा. नुसता. बोललेलं कळलं नाय तरी चालंल.”

“मग सांगायचं ना! मी झोपले असते तुझ्याजवळ.”

“आन पाहुण्यांना काय सांगायचं?” माझ्या नवऱ्याला ती लग्नापासून पाहुणेच म्हणते. “जावयाच्या खर्चानं जायचं आन वर त्याला म्हणायचं, बायकोला माझ्याजवळ झोपू द्या? लाज हे का नाय काही?”

तिने जुडीला दोऱ्याचे दोन वेढे घेतले आणि टोक दाताने तोडलं. मी खाली बसून तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. गुलाबाचे काटे टोचत होते, पण उठवेना. ती म्हणाली, “सरक, फुलं चेंगरत्यात.”

परतताना स्कूटरवर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मुळीच रागावला नाही. म्हणाला, एवढंच ना, तुम्ही दोघी एका खोलीत झोपा, मी दुसरीत. समुद्रासमोरची मात्र मी घेणार. मी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. इतके रविवार खाल्लेला प्रश्न मखमलाबाद नाक्याच्या आत सुटला होता. उद्या एजंटला फोन करून बागवालंच पक्कं करायचं, की झालं.

मग मला हलकं का वाटत नाहीये, ते समजेना. गंगापूर रोडची सगळी दुकानं मागे पडत होती आणि मी मनातल्या मनात खोल्या लावत होते. तिकडच्या नाहीत, आमच्या फ्लॅटमधल्या. हॉलमध्ये दिवाण, आत आमची खोली, मधली भिंत अर्ध्या विटेची. पण आई लेकीच्या घरी राहायची नाही, मळा ती सोडायची नाही, आणि आम्ही दोघं नोकऱ्या टाकून मळ्यात कसे जाणार?

“आता कसला विचार चाललाय?” सिग्नलला थांबल्यावर नवऱ्याने विचारलं. “ठरलं ना सगळं?”

“परत आल्यावर ती कुठे झोपेल?” मी विचारलं.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी त्याने स्कूटर पुढे काढली नाही.