कमरेची भाकरी

तलवाड्याच्या आसपास आश्रुबाची ओळख दोन गोष्टींवरून होती. तो पेवं उघडायचा आणि तो जेवायचा. जेवतात सगळेच, पण आश्रुबा पंगतीला बसला की वाढणारे दमत आणि घरची बाई चुलीपासून उठून टोपल्यात किती उरलं ते बघून येई. निजामाच्या अमलातले ते दिवस. ज्वारी जमिनीखाली पेवात साठवायची रीत होती. पेव खाली रांजणासारखं फुगीर, वर तोंड एवढंसं की माणूस खांदे चोरूनच आत जाणार. पेव उघडलं की दिवसभर वारं लागू द्यायचं, मग दिवा खाली सोडायचा. दिवा जळत राहिला तरच दोराला धरून माणूस उतरायचा. आधी आश्रुबाचा बाप उतरायचा, तो गेल्यावर आश्रुबा उतरू लागला.

आता असला धंदा करणाऱ्यानं पोटाला आवर घालायला नको का? पण आवर हा शब्दच त्याच्या गावी नव्हता. चाळिशीच्या आत-बाहेर असताना, दिवाळी झाल्यावर सुंदरराव देशमुखांचं पेव उघडलं. सकाळी सात धपाटे आणि वर गूळ खाऊन आश्रुबा आला, पाय आत सोडले, आणि बेंबीशी येऊन अडकला. खाली जाईना, वर येईना. हात वर, डोळे गरगरीत. शेवटी करडईचं तेल ओतून चौघांनी ओढून काढला. माणसं आठवडाभर हसत होती. हसणाऱ्यांचं मला नवल नाही, मीही हसलो असतो. पण सुंदरराव हसले नाहीत, तेच वाईट झालं.

"आश्रुबा, पुढल्या साली तू वर थांबून दोर धर," ते म्हणाले. "उतरायला माजलगावचा माणूस बोलावू."

दोर कुणीही धरतो. पेवात उतरणं हे त्याच्या घराण्याचं काम होतं, गावात त्याला मान होता तो त्या कामामुळे. तो गेला तर आश्रुबाकडे सांगण्यासारखं फक्त जेवण उरणार होतं.

त्यानं हातपाय मारले. सोमवार धरला, तर मंगळवारी दोन दिवसांचं वसूल केलं. देवासमोर गुळाची शपथ घेतली आणि तिसऱ्या दिवशी काकवीला गूळ म्हणत नाहीत असं ठरवून टाकलं. मग त्याच्या बायकोनं, तुळजाबाईनं, आपल्या परीनं उपाय केला. भाकरी लपवायच्या. उतरंडीत, म्हणजे एकावर एक रचलेल्या मडक्यांत, मधल्या मडक्यात तिनं भाकरी ठेवल्या. तिचा हेतू चांगला होता. पण या घरात करू नये ती नेमकी हीच गोष्ट होती, आणि ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुपारी आश्रुबानं टोपलं उघडलं. टोपलं रिकामं दिसल्याबरोबर त्याला घाम फुटला. त्यानं शिंकं पाहिलं, चुलीमागे पाहिलं, आणि मग उतरंडीला असा हात घातला की मडकी खाली येऊन फुटली. तुळजाबाई धावत आली तेव्हा तो खापरांत बसून दोन्ही हातांनी भाकरी कोंबत होता. चावतसुद्धा नव्हता. भिवराबाई, त्याची म्हातारी आई, दारात काठी टेकून उभी होती. लेकाचा तो चेहरा तिनं आधी एकदा पाहिला होता.

सन एकोणीसशेच्या आगेमागे मोठा दुष्काळ पडला, तेव्हाची गोष्ट. आश्रुबाचा बाप सरकारी कामावर खडी फोडायला गेलेला. घरात माय, सात वर्षांचा आश्रुबा आणि पाच वर्षांची सरू. देशमुखांचं एक पेव उपसून रिकामं झालं होतं. तळाला काही सापडलं तर न्या, असं त्यांनी सांगितलं होतं. भिवराबाईनं दोर धरला आणि लेकराला आत सोडलं. तळाला अंथरलेल्या कडब्याच्या खाली दाणे होते. आश्रुबानं ते कच्चेच खाल्ले, मातीसकट, दोन्ही हातांनी. वर आला तेव्हा ओंजळीत अर्धी मूठ होती. एवढंच हाय, तो म्हणाला. आठव्या दिवशी सरू गेली. त्या अर्ध्या मुठीचा विषय आश्रुबानं पुढं कधी कुणाजवळ काढला नाही, पण त्याला ती विसरता आली नाही. वाईट वाटतं ते याचं, की सात वर्षांच्या पोरानं एवढं ओझं उचललं आणि कुणी ते उतरवून घेतलं नाही.

तुळजाबाई खापरं गोळा करत रडत होती. भिवराबाई लेकाजवळ येऊन बसली. "तुला भूक न्हाई लागत, आश्रू," ती म्हणाली. "तुला भ्या वाटतंय. उद्या मिळंल का न्हाई, याचं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याच्या कमरेला फडक्यात एक भाकरी बांधायला सुरुवात केली. खायची नाही. खावंसं वाटलं की हात लावून बघायचं, आहे ना? आहे. मग पोटाला विचारायचं, तू मागतंस का? संध्याकाळी ती भाकरी गाईला आणि सकाळी नवी. तुळजाबाईला हे पटलं नाही. खाणाऱ्याच्या कमरेला खाणं बांधणं हे तिला खुळेपणाचं वाटलं, आणि पहिले चार दिवस तिचंच खरं ठरलं. वेस ओलांडायच्या आत भाकरी संपायची. भिवराबाई एक शब्द बोलायची नाही. सकाळी नवी भाकरी तयार.

पाचव्या दिवशी भाकरी दुपारपर्यंत टिकली. हळूहळू आश्रुबाला एक गोष्ट कळायला लागली. भूक पोटात लागते, सावकाश लागते, आणि तिला पिठलंही चालतं नि कांदाही चालतो. दुसरं जे येतं ते छातीत येतं, एकदम येतं, आणि त्याला गूळच पाहिजे असतो. ते आलं की तो फडक्यावर हात ठेवून अंबाडीचा दोर वळायला बसे. दहा हात दोर होईपर्यंत ते चढे, अगदी गळ्याशी येई, आणि मग आपोआप उतरून जाई. कधी दहा हात पुरत नसत. त्या दिवशी वीस हात दोर होई.

सगळं सरळ झालं असं समजू नका. वैशाखात एका लग्नात लोकांनी आग्रह केला, पंगतीतल्या जुन्या पैजांची आठवण करून दिली, आणि गड्यानं अकरा पुरणपोळ्या हाणल्या. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. आता झालं सगळं, असं त्याला वाटलं. सकाळी उठला तर भाकरी फडक्यात बांधून ठेवलेली. त्यानं ती मुकाट्यानं कमरेला लावली.

दिवाळी झाली. सुंदररावांनी पेव उघडलं, वारं लागू दिलं, दिवा सोडला. माजलगावचा माणूस बसलेला होताच. आश्रुबा पुढं झाला. "एकडाव बघा मालक, अडकलो तर माझा मी घरी जातो," म्हणाला. दोर त्यानंच वळलेला होता. पाय गेले, कंबर गेली, खांदे चोरले, आणि तो आत गेला. वरची माणसं तोंडाशी वाकून बघू लागली.

तळाशी ज्वारीचा ढीग होता. त्या ओळखीच्या वासानं ते छातीतलं आलं, आजवर कधी नव्हतं एवढं. त्याच्या दोन्ही मुठी भरल्या होत्या. एक मूठ सोडून त्यानं हात फडक्याला लावला. आहे. तो तसाच उभा राहिला, आणि चाळिशीचा तो गडी तिथं हमसून रडला. मग डोळे पुसून त्यानं टोपली भरायला घेतली.

वर आला तेव्हा त्याची एक मूठ बंद होती. भिवराबाई लिंबाखाली बसली होती. तो तिच्यापुढं बसला आणि तिच्या पदरात मूठ उघडली.

"माय, हे सरूचं. तवा लई दाणे हुते. मी खाल्ले."

म्हातारीनं दाणे पदरात गोळा केले.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाला माती हुती की. तू खाशील म्हणूनच तुला उतरवलं हुतं, आश्रू. दोघांपैकी एकच जगंल असं मला दिसत हुतं. ते मी केलंय, तू न्हाई."

ती एवढी वर्षं का गप्प राहिली, हे त्यानं विचारलं नाही. कमरेचं फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा तिच्या हातात दिला. दोघं तिथंच जेवले. त्याचं पोट तेवढ्यानं भरलं.