राहीबाई पाळण्याला हात लावेना

माझी आई, राहीबाई, म्हणजे एक नंबरची हट्टी. आणि मी तिचीच लेक, तेव्हा आमचं कसं पटायचं ते सांगायला नको.

तिला जन्म देतानाच तिची आई गेली. चौलच्या आमच्या सुपारीच्या वाडीत बायका तिला पांढऱ्या पायाची म्हणायच्या. पुढे एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत माझे वडील चार दिवसांत गेले. मी तेव्हा दीड वर्षाची. मग काय, लोकांना आयतंच सापडलं. आजोबा रावजी मात्र खमके. "माझी बायको सुईणीच्या मळक्या हातानं गेली, पोरीच्या पायानं न्हाय," म्हणाले, आणि आईला मुंबईच्या इस्पितळात नर्सचं काम शिकायला धाडलं. मला त्यांनी सांभाळलं. तीन वर्षांनी ती रेवदंड्याच्या दवाखान्यात नर्स होऊन आली.

त्यानंतर किती पोरं तिच्या हातावर जन्मली, देव जाणे. कात्री उकळल्याशिवाय नाळेला हात लावायची नाही. बाळंतिणीची खोली कुणी धुरानं कोंडली, की सासवांनासुद्धा फाडफाड बोलायची. पण बारशाचं बोलावणं आलं की, "विधवेचं तिथं काय काम?" एवढंच म्हणायची.

छत्तीस साली पहिल्या बाळंतपणाला मी तिच्याकडे आले. दीड दिवस अडले होते. पोर निपचित जन्मली. आईनं तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, तेव्हा रडली. आणि हीच बाई बाराव्या दिवशी सकाळी म्हणते, "पाळण्याला मी हात लावायची न्हाय."

"मग बारसंच नको," मी म्हणाले.

"कमळ, परक्यांची पोरं माझ्या हातानं जगली, ते माझं काम. पण जे माझं म्हणते, ते टिकत न्हाय. आई गेली, तुझा बा गेला. ही तरी राहू दे."

"मग मी कशी राहिले?"

"तुला आजोबांकडं टाकून गेले होते ना, म्हणून."

मला रडू कोसळलं. कात्री उकळणारी बाई, आणि एवढी वर्षं मनात हे घेऊन बसलेली. ती उठली आणि मागच्या पडवीत घुगऱ्यांच्या पातेल्यापाशी जाऊन बसली.

माझ्या सासूबाई, आवडाबाई, किहीमहून बारशाला आल्या होत्या. जिभेला हाड नव्हतं त्यांच्या. मी त्यांना मनातून टरकून असायची, तरी उलटून बोलायची. त्यांनी आमचं बोलणं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी बायका जमल्या, तशी त्यांनी माझ्या मांडीवरच्या पोरीच्या कपाळाला हात लावला आणि मागे हाक दिली, "विहीणबाई, पोरीचं आंग तापलंय वाटतं. बघा जरा."

आई हात पुसत धावत आली. पोरीला उचलून तिनं कपाळ पाहिलं, छाती पाहिली, पोट चाचपलं. "काय न्हाय, ठणठणीत हाय," म्हणाली, आणि दवाखान्यात तपासलेलं मूल ठेवायची तसं तिला समोरच्या पाळण्यात अलगद निजवून दोरीला झोका दिला.

आवडाबाईंनी लगेच पाळणा म्हणायला घेतला. बायकांनी सूर धरला. मग कुठे आईच्या ध्यानात आलं, आणि तिनं चटका बसल्यासारखी दोरी सोडली.

आवडाबाईंनी गाणं थांबवलं, तिचा हात धरून परत दोरीवर ठेवला. "धरा. तुमचीच हाय ती. कुठं जात न्हाय."

भर बारशाला तापाचं धडधडीत खोटं बोलल्या सासूबाई. त्या दिवसापासून मी त्यांना उलटून बोलले नाही. बरं, फारसं नाही.

बायका घुगऱ्या घेऊन घरी गेल्या, पोर केव्हाच झोपली. आई तरी दोरी धरूनच बसली होती.