डाव्या चाकावरचा शेंदूर

अन्याय झाला तो आमच्या फिरत्या दवाखान्याच्या ड्रायव्हरभाऊंवर, त्रेसष्ट सालच्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळच्या बैठकीत, अकोल्याच्या जुन्या शहरात. मी तिथे होतो. बोललोही. पण काय बोललो ते माझं मलाच नीट कळलं नाही, म्हणून आता लिहून काढतो.

दवाखान्याची गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली जीप, मागे ट्रकसारखा हौदा. त्यात औषधांच्या पेट्या, कंपाउंडर, आणि हिवतापाची पत्रकं वाटायला मी. गाडी चारही चाकांनी ओढणारी. पण डांबरी रस्त्यावर पुढचा आस उगाच फिरे, स्टिअरिंग जड होई, पेट्रोल भसाभस जाई. म्हणून त्या उन्हाळ्यात अमरावतीच्या एका मिस्त्रीकडून पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांवर, म्हणजे चाकाच्या मधोमध, हातानं फिरवायच्या चकत्या बसवून घेतल्या. चकती सुटी असली की चाक नुसतं घरंगळतं, बंद केली की ते इंजिनाशी जोडलं जातं. चिखल आला की खाली उतरायचं, दोन्ही चकत्यांना अर्धा फेरा द्यायचा, मग पुढच्या आसाला इंजिनाचा जोर देणारा गाडीतला दांडा ओढायचा.

माझ्या डोक्यात हे शिरेना.

"म्हणजे बंद केलं की चालू होते?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

"अन् एकच बंद केली तं?"

"तं एकही नाही केल्यासारखं. सारा जोर सुट्या बाजूनं निघून जाते. तुमी पत्रकं वाटा ना भाऊ, माहं डोकं काहून खाऊन राहिले?"

चकतीवर एक बाण होता. तो काठावरच्या खाचेसमोर आला की बंद. ड्रायव्हरभाऊ बाण पाहत नसत. गाडीला दुसरं कोणी हात लावत नसे, आणि डांबरी लागली की दोन्ही चकत्या तेच सुट्या करत. त्यामुळे चिखलात नुसता अर्धा फेरा पुरे.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली. भाऊंनी गाडी धुऊन लख्ख केली आणि ते लिंबाखाली जाऊन उभे राहिले. छप्पन साली बौद्ध झाल्यापासून ते पूजेत नसत. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तोवर कोणाचं काही अडलंही नव्हतं. पूजेला बसले दवाखान्याचे चिटणीस, वकीलसाहेब. दोन्ही चकत्या सुट्याच होत्या, पण चाकं जशी थांबली तसा उजव्या चाकाचा बाण वर होता, डाव्याचा जमिनीकडे. "हे बरं नाही दिसत," म्हणत त्यांनी डावी चकती अर्धी फिरवली, बाण आभाळाकडे केला, आणि दोन्हींवर तेलातला शेंदूर जाड थापून स्वस्तिक काढलं. मी ताट धरून उभा होतो. मला ते छान दिसलं.

शनिवारी सेमाडोहला निघालो. दर्यापूरच्या अलीकडे नाल्यानं रस्ता खाल्ला होता, म्हणून शेतातून वळसा घेतला. काळी माती, त्यावर रात्रीचा पाऊस. भाऊ उतरले, दोन्ही चकत्यांना अर्धा अर्धा फेरा देऊन आले, दांडा ओढला. मागची चाकं खोल खोल गेली, पुढची ढिम्म.

"काहून नाही फिरून राहिली?" ते स्वतःलाच विचारत होते. पुन्हा उतरले, पुन्हा दोन्हींना अर्धा फेरा. तेच. शेवटी गावातल्या बैलजोड्यांनी गाडी ओढून काढली आणि आम्ही तसेच अकोल्याला परतलो.

सोमवारी बैठकीत वकीलसाहेब म्हणाले, "पूजेच्या वेळी हा बाजूला उभा राहतो. मग गाडी अडेल नाहीतर काय?"

भाऊ म्हणाले, "साहेब, गाडी काहून अडली ते मले खरंच नाही समजलं. पण बाजूले उभं राहून मी गाडीचं काही वाईट नाही केलं."

तेव्हा कुठे मला ताट आठवलं, बाण आठवला. मी उठलो. "डावी सुटी होती, ती तुम्ही पूजेत बंद केली. मग हे बंद करायला गेले तर ती सुटली. पुन्हा फिरवली तर ती बंद, पण उजवी…"

"उजवी कोणी फिरवली?"

"ह्यांनीच."

"मग झालं तर."

मी पुन्हा डावीपासून सुरुवात केली. तेवढ्यात चहा आला. कोणीतरी म्हणालं, "बस रे बावा, तुलेच समजून नाही राहिलं." आणि ते खरंही होतं. चहा संपेस्तोवर ठराव झाला: निष्काळजीपणा, ड्रायव्हरला कमी करावे.

भाऊ आता जिनात कापसाच्या गाठी उचलतात. गाडीची चावी दवाखान्यात खुंटीला लटकते आहे.

कोणती चकती केव्हा सुटी होती, हे मला अजूनही एका दमात सांगता येत नाही. मधेच गाडी अडते, तशी माझी जीभ अडते. पण लिंबाखाली उभं राहिल्यानं चाक फिरायचं थांबत नाही, एवढं मला पक्कं कळतं, आणि ठराव झाला तो तेवढ्यावरच झाला. तुम्ही या दवाखान्याचे सभासद असाल, तर पुढच्या बैठकीला या. वकीलसाहेबांना सगळ्यांसमोर विचारा, डावी चकती कोणी फिरवली. मग ठराव रद्द करा, आणि खुंटीवरची चावी भाऊंच्या हातात नेऊन द्या.