चुकीचं बटण

विद्यापीठात ग्रंथालय व माहितीशास्त्रात मी पीएच.डी. करते. शिष्यवृत्ती मिळते, त्याबदल्यात आठवड्याला चार तास शिकवायचं. काल संगणकाच्या तासाला शिंदेबाई माऊसला हात लावायलाच तयार नव्हत्या. बाई तालुक्याच्या शाळेत वीस वर्षं ग्रंथपाल आहेत. आता नोकरी टिकवायला पदवी हवी, म्हणून माझ्या वर्गात आल्यात.

"मॅडम, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते डोळे मिटून सांगेन. पण इथे चुकीचं बटण दाबलं तर सगळं पुसलं जाईल ना?"

"नाही हो, काही पुसलं जात नाही."

बोलता बोलता मी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. तास संपल्यावर मला पीएच.डी.च्या समितीपुढे माझ्या संशोधनाचा प्रगती अहवाल मांडायचा होता. तो पटला नाही तर शिष्यवृत्ती बंद, हा वर्गही बंद. तीन वर्षं माहिती गोळा केली. पण त्यातलं मला खरंच काय कळलं, असं कुणी विचारलं तर? शिकवणाऱ्याने ही भीती सांगायची तरी कुणाला?

बाई माझ्याकडे बघत होत्या. "तुम्हालाही भीती वाटते का हो?"

नाही म्हणणार होते, पण तोंडून "वाटते" निघालं.

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "मग बसा जरा."

मी बसले, आणि माऊस दोघींच्या मध्ये सरकवला.