बिनगिअरचा घाट

गाडी निवडायला माझ्या नणंदेच्या यजमानांना सोबत न्यावं, एवढा मूर्खपणा शहाण्या माणसाच्या हातून फार तर एकदा होतो. माझ्या हातून दोनदा झाला. पहिल्या वेळी मी तरुण होते, शाळेत शिकवत होते आणि मोपेड घ्यायची म्हणून नाचत होते. त्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भाऊंनी, धुळ्यातल्या झाडून साऱ्या मोपेडींत असे काही दोष काढले, की मी निवृत्त होईपर्यंत पायीच शाळेत गेले. वर मैत्रिणींना सांगत फिरले, "आमचे भाऊ म्हणजे गाड्यांतले जाणकार बाई!" एवढी अक्कल घेऊन मी मुलांना गणित शिकवत होते. त्या मुलांचं पुढे काय झालं असेल, याचा मी विचार करत नाही.

भाऊ एसटीचे ड्रायव्हर होते. होते म्हणजे कागदोपत्री निवृत्त झाले, एवढंच. सारा जन्म घाटात बस चालवल्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला गिअर असतो, यावर त्यांची श्रद्धा आहे. जिना ते 'फर्स्ट'मध्ये चढतात. वरण-भात सेकंडमध्ये जेवतात, आणि ताटात वांग्याचं भरीत पडलं की थेट टॉप. खुर्चीतून उठताना डावा पाय आधी क्लच दाबतो, मग बाकीचे भाऊ उठतात. कुठूनही निघताना कोणीतरी कंडक्टरसारखं दोनदा टकटक केल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही. अमळनेरच्या एका लग्नात ते जेवण झाल्यावरही दारात तसेच उभे. मुलीकडच्यांना वाटलं, मानाचा माणूस रुसला. टॉवेल-टोपी आली, नारळ आला, मुलीच्या काकांनी हात जोडले. शेवटी मी ताटावर चमचा दोनदा आपटला, तेव्हा गाडी सुटली.

अशा माणसाला मी दुसऱ्यांदा बोलावलं ते माझ्या नातीसाठी. ती माझ्यापाशी राहते, नर्स आहे, आणि तिला नेमणूक मिळाली लळिंगचा घाट चढून पलीकडच्या गावात. ड्यूटीच्या वेळेला बस नाही. "आजी, बॅटरीवरची गाडी मिळाली तर रोज ये-जा करीन, नाहीतर तिथंच खोली घेते," ती म्हणाली. खोली बघूनही आली होती. मी मोठ्या मनाने म्हटलं, "घे की, तुलाच सोयीचं," आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. पोरीशिवाय हे घर कसलं, नुसता थांबा. मग याच हातांनी भाऊंना फोन लावला. वय वाढलं की शहाणपण येतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मला येऊन भेटावं.

आम्ही तिघं निघालो, आणि पहिली गाडी त्यांनी आवाजावरून नापास केली. "आवाज नही, मंग समोरच्याले कसं समजी का गाडी उनी? गाडी शे का भूत?" दुसऱ्या दुकानात विचारलं, ही मुक्कामी गेली तर झोपते कुठे. चार्जिंगचं उत्तर त्यांना पटलं नाही. तिसऱ्या दुकानात म्हणाले, "वहिनी, बसा मागे. फुल लोड पाहू." मी इतकी वर्षं स्वतःला चवळीची शेंग समजत होते. गाडीच्या स्टँडने कण्हून वेगळं मत दिलं. चौथ्या दुकानातला सेल्समन पुण्याकडचा, गोड बोलणारा. म्हणाला, "काका, घाट लागला की मोड आपोआप होतो, तुम्ही काळजीच करू नका."

भाऊ ताडकन उठले. क्लच न दाबता उठले, यावरून काय ते समजा. "देखा वहिनी! घाटमा गाडी मोडस, आसं हाऊ सोता सांगी ऱ्हायना!"

नातीने घरी येईपर्यंत त्यांना समजावलं की 'मोड' म्हणजे मोडणं नव्हे, एक प्रकारचा गिअरच. भाऊ म्हणाले, "मंग गिअर म्हनाले काय व्हतं?" एवढं ऐकून पोरीने कपाटातून बॅग काढली. "सोमवारी सामान हलवते, आजी."

मी भाऊंना अंगणात गाठलं. "मला पायी चालवलंत, मी चालले, कारण मी बावळट होते. पण ही पोरगी घरातून गेली ना, तर तुम्हाला लळिंगच्या घाटात न्यूट्रलवर सोडून देईन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दारात हजर. "चाल पोरी, घाटमाच देखूत."

दुकानदाराने ट्रायलला गाडी दिली. भाऊ मागे बसले. पुढचं नातीने सांगितलेलं. चढ लागला तसा त्यांचा पाय हवेत क्लच दाबू लागला आणि हात तिचा खांदा धरून पुढे-मागे करू लागला. वळणावर ओरडले, "सेकंड टाक!" ती ओरडली, "भाऊआजोबा, हिला गिअर नाही!" "तुले नही, माले शे!" गाडी मात्र दोघांना घेऊन निमूट वर गेली. वर पोचल्यावर त्यांनी उतरून मोटरवर तळहात ठेवला, आजाऱ्याचा ताप बघावा तसा, आणि म्हणाले, "बरी शे."

त्याच दिवशी गाडी ठरली. बॅग परत कपाटात गेली, आणि मी डबे पुसणं थांबवलं.

आता रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. हॅलो नाही, काही नाही, फक्त "उनी का?" आली म्हटलं की ठेवून देतात. परवा उपकेंद्रात बाळंतपण निघालं आणि नातीला उशीर झाला. पोरीने तसं कळवलंही होतं. तरी भाऊंचे फोनवर फोन, आणि मग स्वतःच रिक्षाने येऊन पायरीवर बसले. चहा दिला, तो गार झाला. ती आली तेव्हा तिच्याकडे न बघता गाडीला विचारल्यासारखं म्हणाले, "बॅटरी कितली उरनी?" ती हसत आत गेली. त्यांनी निघावं म्हणून मी कडी दोनदा वाजवली, तरी ते उठेनात. माझ्या नणंदबाई, आमच्या अक्का, जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ त्यांच्याविषयी कधी बोलत नाहीत. त्या दिवशी रस्त्याकडे बघत मला म्हणाले,

"वहिनी, सारा जनम मी घाट चढनू-उतरनू. पन घर बशीसन वाट देखनं इतलं जड ऱ्हास, हाई तिनी माले कधी सांगंच नही."